घड्याळात ६८

बरेच दिवस हे लिहायचं टाळत होतो. कारण चूक कुणाची हे शोधायला गेलं की यादीत पहिलं नाव माझंच निघतं. पण आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, आणि नवीन बिल्ड काही सोमवारशिवाय येत नाही. तेव्हा लिहूनच टाकतो.

आधी माझ्या कामाबद्दल. मनगटावर बांधायची जी घड्याळं असतात ना, नाडीचे ठोके आणि पावलं मोजणारी, ती मोजलेलं सगळं ब्लूटूथवरून मोबाईलला पाठवतात. ते नीट पोचतं का हे तपासणाऱ्या टीममध्ये मी आहे. आई गावात सांगते, "पोरगा पुण्यात घड्याळं दुरुस्त करतो." सुरुवातीला मी तिचं वाक्य दुरुस्त करायला जायचो. आता सोडून दिलं.

गाव राहुरी तालुक्यात. जिल्हा २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, घरात बोलताना अजून नगरच. ऊस, विहीर, विहिरीवर मोटार. आणि शेतीची थ्री-फेज लाईट आमच्याकडे अजून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दारं धरायला रात्रीच जावं लागतं. गेल्या वर्षी अण्णांना एक स्टेंट टाकला, तेव्हा डॉक्टरांनी जागरण नको म्हणून बजावलं होतं. अण्णांनी मान डोलावली. पण ऊस काही डॉक्टरांचं ऐकत नाही.

म्हणून मी त्यांना आमच्याच क्लायंटचं घड्याळ घेऊन दिलं, डिस्काउंटमध्ये. घड्याळातून त्यांच्या फोनला, त्यांच्या फोनवरून सर्व्हरला, सर्व्हरवरून माझ्या फोनला. पुण्यात बसून मला अण्णांची नाडी दिसणार. मित्रांना दाखवत फिरलो होतो चार दिवस.

तर झालं असं. रात्रीच्या लाईटचा आठवडा होता. साडेअकराला झोपायच्या आधी ॲप उघडलं. अण्णा ६८, शेजारी हिरवा ठिपका. एक वाजता पाणी प्यायला उठलो तेव्हा पुन्हा पाहिलं. ६८, हिरवा ठिपका. म्हटलं, वा, दारं धरताना ६८ म्हणजे अण्णा आपल्यापेक्षा फिट आहेत.

आता इथेच मला शंका यायला हवी होती. चिखलात उभं राहून खोऱ्याने माती ओढणाऱ्या साठीच्या माणसाची नाडी ६८ कशी असेल? आणि दीड तासाने पुन्हा नेमकी ६८च कशी? ऑफिसात लॉगमध्ये एकच आकडा असा अडकलेला दिसला तर मी डेव्हलपरची झोप उडवतो. घरच्या आकड्याला मी काहीच विचारलं नाही. बरा दिसत होता, झोपलो.

सकाळी आईचा फोन. "अरे, रात्री अण्णांना वावरात गरगरलं. तासभर बांधावर बसून होते. शेजारच्या वावरात नाना होते म्हणून बरं, त्यांनी धरून घरी आणलं."

"किती वाजता?"

"बारा-साडेबारा झाले असतील."

"मग मला फोन नाही का करायचा?"

"मी करतच होते. तर अण्णा म्हणाले, राहू दे, तो घड्याळात बघत असंल. काही असतं तर त्याचाच फोन आला असता."

यावर मला काही बोलता आलं नाही.

जीवावरचं काही नव्हतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक निघाला. रक्तदाबाची गोळी, कमी जेवण आणि उकाडा असा सगळा मिळून प्रकार होता. गोळी बदलून दिली. आणि अण्णांचा फोन? तो रात्री नऊपासून ओसरीवर चार्जिंगला लावलेला होता. घड्याळ वावरात, फोन घरात, मध्ये अर्धा किलोमीटर. मी एक वाजता जो ६८ पाहून खूश झालो, तो आठ पन्नासचा होता. अण्णा जेवायला बसले होते तेव्हाचा.

आता माझ्या नावाकडे येतो.

दीड वर्षापूर्वी एका डेमोत ब्लूटूथ दोन-तीन सेकंदांसाठी तुटलं आणि स्क्रीनवर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. मग पुन्हा आकडा, पुन्हा रेघा. खोलीतल्या मोठ्या माणसांना ते आवडलं नाही. लुकलुकतंय, स्वस्त वाटतंय. ठरलं असं की कनेक्शन तुटलं तरी शेवटचा आकडा धरून ठेवायचा. त्यावर मी टेस्ट केस लिहिली : "कनेक्शन तुटून पुन्हा जुळेपर्यंत आकड्याची जागा कोरी दिसू नये." अपेक्षित निकाल : शेवटचा आकडा कायम. मी घड्याळ कॉरिडॉरच्या टोकाला नेलं, परत आणलं, आकडा हलला नाही. पास.

किती वेळ धरून ठेवायचा, हे कुणी लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. दोन सेकंद आणि चार तास यांत त्या टेस्ट केसच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. हिरवा ठिपकाही कनेक्शनचा नव्हता. आकडा नॉर्मल पट्ट्यात आहे, एवढंच तो सांगत होता. वाचणारा मात्र "सगळं ठीक चाललंय" असंच वाचणार. मी स्वतः, ज्याने ती टेस्ट लिहिली त्याने, तसंच वाचलं.

पुढच्या शनिवारी दोन फोन, एक जादा घड्याळ आणि लॅपटॉप घेऊन गावी गेलो. म्हटलं, कॉरिडॉर पुष्कळ झाला.

फोन बरोबर न्यायचा, हे अण्णांनी कबूल केलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पायजम्याच्या उजव्या खिशात. घड्याळ डाव्या मनगटावर. दोघांत फार तर एक मीटर अंतर. आमच्या टेबलावर एवढ्या अंतरात एक पॅकेट चुकत नाही. वावरात अण्णा वाकले की कनेक्शन गेलं. उभे राहिले की आलं. पाठ वळवून पुन्हा वाकले की पुन्हा गेलं. मी बांधावर लॅपटॉप घेऊन बसलेलो, आणि येणारे-जाणारे विचारताहेत की कसला सर्व्हे आहे, अनुदान आहे का.

कारण ऐकलं तर सोपं आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. पाणी या लहरी शोषून घेतं. डाव्या मनगटापासून उजव्या खिशापर्यंत मध्ये अख्खा माणूस आडवा येतो. मग खोलीत कसं चालतं? खोलीत लहरी भिंतींवर, छतावर, कपाटावर आपटून वळसा घालून पोचतात. उघड्या वावरात आपटायला काही नाही. म्हणजे आपल्याला वाटतं मोकळ्या रानात सिग्नल चांगला मिळेल, अंगावरच्या यंत्रांच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. धावणाऱ्या लोकांना याचा अनुभव असतो, घरात नीट चालणारे इयरफोन मैदानात अडखळतात. आमच्या टेस्ट लॅबला चार भिंती आहेत, काचेचा दरवाजा आहे आणि लोखंडी कपाटं आहेत. परीक्षेत कॉपी पुरवल्यासारखंच आहे ते.

घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं, म्हणजे फोनच्याच बाजूला, तर बरंच सुधारलं. घड्याळाच्या डब्यात सतरा भाषांतलं माहितीपत्रक असतं, त्यात हे एक वाक्य नाही. (उजव्या हाताला अण्णांना घड्याळ टोचतं, ही वेगळी गोष्ट.)

एवढ्याने भागलं नाही. दुपारी अण्णा बाजेवर पडले, फोन उशाला, घड्याळ हातात, दोघांत वीतभर अंतर, आणि तरी पाऊण तास काही आलं नाही. यावेळी फोननेच आमचं ॲप बंद केलेलं. अँड्रॉइडने २०१५ साली सहाव्या आवृत्तीत बॅटरी वाचवण्यासाठी 'डोझ' नावाची सोय आणली. फोन पडून राहिला की मागे चालणारी ॲप्स झोपवायची. त्यावर काही फोन कंपन्या आपापली जादा कात्री चालवतात. सेटिंगमध्ये जाऊन "या ॲपला झोपवू नका" असं सांगता येतं. ते कुठल्या मेनूत आहे हे शोधायला मला दहा मिनिटं लागली, आणि हे माझं रोजचं काम आहे.

मला खरं तर भांडायचंय ते यापुढच्या गोष्टीवर. सिग्नल तुटणारच. घड्याळ खुंटीला टांगलेलं असेल, माणूस फोनपासून लांब असेल, फोनने ॲप झोपवलं असेल, किंवा फोनला रेंज नसेल. पुण्यात बसलेल्या माणसाला या चारही प्रकारच्या शांतता एकसारख्याच दिसतात. आमच्या ॲपने तर त्यांना आवाज दिला होता, ६८ म्हणून.

यातली बरीचशी माहिती यंत्रांकडे असते, हे जास्त चीड आणणारं आहे. ब्लूटूथच्या नाडीच्या ठरलेल्या साच्यात एक निरोप कमीत कमी दोन बाइटांचा असतो. पहिल्या बाइटमध्ये काही खुणा, दुसऱ्यात आकडा. त्या खुणांत सेन्सर कातडीला टेकलाय की नाही हे सांगायची जागा आहे. आमचं घड्याळ ते सांगत होतं, आमचं ॲप ते वाचत नव्हतं. कनेक्शन तुटल्याचंही फोनला कळतं. ठरवलेल्या वेळात एकही पॅकेट आलं नाही की दोन्ही बाजू तुटलं असं धरतात, आणि ती वेळ जास्तीत जास्त ३२ सेकंद ठेवता येते. म्हणजे नऊ वाजून एक मिनिटाच्या आत फोनला माहीत होतं की अण्णा हाताबाहेर गेलेत. चार तास त्याने ते स्वतःजवळ ठेवलं, कारण त्याला बोलू नको असं आम्हीच शिकवलं होतं.

त्या दोन बाइटांत एक गोष्ट मुळातच नाही, ती म्हणजे वेळ. निरोप कितीचा, ते आहे. केव्हाचा, ते नाही. कारण हा साचा व्यायामासाठी बनलेला आहे. ट्रेडमिलवर माणूस धावतोय, पट्टा छातीला, स्क्रीन डोळ्यासमोर. तिथे आकडा आत्ताचाच असतो, आणि दोन आकडे चुकले तर बिघडत नाही. याउलट रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रांचा ब्लूटूथचाच साचा बघा. तिथे प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो, वेळ असते, आणि फोन मागाहून "अमुक क्रमांकानंतरच्या सगळ्या नोंदी दे" असं मागू शकतो. मधली नोंद हरवली तर अनुक्रमांकावरून ती हरवल्याचं तरी कळतं. म्हणजे कसं करायचं हे या क्षेत्राला ठाऊक नाही असं नाही. आपण जिममधलं यंत्र उचललं, जाहिरातीत आजी-आजोबांच्या हातावर बांधलं, आणि साचा बदलायचं राहून गेलं.

आईवडिलांना दवाखान्यात नेलं असेल तर "चोवीस तासांचं होल्टर लावलंय" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. नॉर्मन होल्टर हा अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला माणूस. १९४० च्या दशकाच्या अखेरीला त्याने चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवून दाखवला. पाठीवरचं ते यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं! म्हणजे आपला विषय तेव्हापासूनचा आहे. पण डॉक्टरांच्या रोजच्या वापरात जे आलं ते त्याचं टेपवर नोंद करणारं यंत्र. अंगावर बांधायचं, दिवसभर नोंद करायची, डॉक्टरांनी नंतर बघायचं. आज आमच्या घड्याळांच्या पोटात कित्येक दिवसांच्या नोंदी वेळेसकट मावतात. त्या रात्रीच्याही होत्या. अण्णा पहाटे घरी आल्यावर घड्याळाने इमानदारीत सगळ्या फोनला दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी आलेख अगदी अखंड दिसत होता. साडेबाराच्या सुमाराला नाडी १२४ पर्यंत गेलेली. आलेख बघून कुणालाही वाटलं असतं की हे सगळं मला रात्रीच दिसत होतं आणि तरी मी झोपलो. कोर्टात उभं केलं असतं तर मीच खोटा पडलो असतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. आकड्याबरोबर त्याचं वय दाखवा. "६८, ४ तास १० मिनिटांपूर्वी." पाच मिनिटं उलटली की आकडा करडा करा, हिरवा ठिपका काढा. नोंद मागाहून आली असेल तर आलेखात तो तुकडा वेगळ्या रंगात काढा. आणि का येत नाही हे माहीत असेल तर सांगा : "घड्याळ हातात नाही", "फोन जवळ नाही". सगळं मिळून दोन आठवड्यांचं काम आहे, मी डेव्हलपरला विचारलंय.

यावर आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरबाईंचं उत्तर ऐका, कारण ते वेडगळ नाही. त्या म्हणाल्या, "लोकांना कोरी जागा दिसली की ते घाबरतात. मुलगा पुण्यात, आई गावात, रात्री दोनला 'संपर्क नाही' असं दिसलं तर तो काय करणार? चार वेळा उगाच घाबरला की पाचव्यांदा ॲपच काढून टाकेल." खरं आहे. अतिदक्षता विभागातही सारखे वाजणारे अलार्म कालांतराने कानाआड होतात, हा जगभरच्या रुग्णालयांचा डोकेदुखीचा विषय आहे. पण मी घंटा वाजवा म्हणतच नाहीये. विचारायला आलेल्या माणसाला खरं सांगा म्हणतोय. आणि घाबरण्याचं म्हणाल, तर त्या रात्री मला कोरी जागा दिसली असती तर मी आईला फोन केला असता. आईने अण्णांकडे फोन नाही हे सांगितलं असतं. मग नानांना फोन. तिघांची झोपमोड, एवढंच नुकसान.

आमच्याच जिल्ह्यात, दुसऱ्या टोकाला जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या बायकांना, त्यातल्या कित्येकजणी निरक्षर, शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला आणि जगभरातून लोक हे काम बघायला जामखेडला यायला लागले. आम्हाला शाळेत असताना हे सामान्यज्ञानाच्या प्रश्नापुरतं माहीत होतं. आता टेस्टर म्हणून विचार करतो तेव्हा वाटतं, घरोघर जाणारी बाई हीसुद्धा माहिती वाहून नेण्याची व्यवस्थाच की. ती घरी गेली आणि घराला कुलूप असलं तर तिला कुलूप दिसतं. गेल्या खेपेला बाळाचं वजन अमुक होतं म्हणून याही खेपेला तेच लिहून टाकू, असं तिने केलं तर आपण त्याला काय म्हणू? आम्ही त्याला यूझर एक्सपिरियन्स म्हणतो.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मोबाईलला जोडायचं हातात मावणारं ईसीजी यंत्र बनवलं, लांबच्या डॉक्टरला ईसीजी पाठवता यावा म्हणून. त्यातही यंत्राशेजारी एक माणूस उभा असतो आणि गेलं की नाही गेलं हे त्याला कळतं. आमच्या घड्याळाशेजारी कुणी नसतं. म्हणून घड्याळाची जबाबदारी जास्त, कमी नाही.

अण्णांचं मत यात विचारायलाच हवं, शेवटी नाडी त्यांची आहे. त्या शनिवारी संध्याकाळी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे तुला दिसत नव्हतं, पण दिसतंय असं दिसत होतं."

"हो, अण्णा."

"मग मला आधी सांगायचं ना. मी आईला फोन करू दिला असता."

बग रिपोर्टच्या 'परिणाम' या रकान्यात मी हेच लिहिलं, जरा ऑफिसच्या भाषेत. वापरणारी दोन्ही माणसं आपापल्या जागी निर्धास्त राहिली आणि त्यामुळे दोघांनीही फोन केला नाही. बगची तीव्रता मी सर्वांत वरची टाकली होती. ट्रायाजमध्ये ती मधली झाली, कारण ॲप क्रॅश होत नाही. पुढच्या रिलीजला घेऊ म्हणालेत. आकड्याचं वय दाखवायचं मान्य झालंय, पण बारीक अक्षरात, आणि हिरव्या ठिपक्यावर अजून चर्चा चालू आहे. माझी जुनी टेस्ट केस मात्र मी बदलली. अपेक्षित निकालात आता "एक मिनिटानंतर" असे शब्द आहेत. आजच्या बिल्डवर ती फेल होते. होऊ दे.

गावी सध्या कामचलाऊ व्यवस्था अशी : रात्रीच्या लाईटला अण्णा फोन बरोबर नेतात, शर्टाच्या वरच्या खिशात, आणि मोटार चालू केली की मला मिस्ड कॉल देतात. मोटार बंद केली की दुसरा.

तुमच्यापैकी कुणी आईवडिलांच्या हातात असं घड्याळ बांधलं असेल तर एक करून बघा. घड्याळ काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, डबा लांबच्या खोलीत नेऊन ठेवा आणि अर्ध्या तासाने तुमच्या फोनवर बघा. नाडी किती आहे?